उंच माणसांचा खेळ : कालचे सेंटर आणि आजचे



आपल्याकडे चार क्रीडाप्रेमी एकत्र बसले की एक वाद हमखास निघतो. विजय मर्चंट थोर की सुनील गावसकर? गावसकर थोर की सचिन तेंडुलकर? आजोबा एक बोलतात, नातू दुसरे बोलतो आणि वडील दोघांच्या मध्ये सापडतात. वाद मिटत नाही, कारण तो मिटावा अशी कोणाचीच मनापासून इच्छा नसते! अमेरिकेत असाच एक वाद बास्केटबॉलमधील उंच माणसांविषयी, म्हणजे ‘सेंटर’ या जागेवर खेळणाऱ्यांविषयी, चालतो. जुने थोर, की आजचे? आज तो वाद आपण थोडा शांतपणे तपासून पाहू. माल तोलण्यापूर्वी तराजू पाहावा, हा व्यापाऱ्याचा साधा नियम आहे. तोच आपण येथे पाळू.

या खेळाचा जन्म १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. कडाक्याच्या थंडीत विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर आली. त्या दहा फुटांमागे कोणतेही शास्त्र नव्हते. परंतु खेळात पुढे कितीतरी फेरफार झाले, कडे लोखंडाचे झाले, फळी काचेची झाली, तरी ते दहा फूट मात्र आजतागायत कायम राहिले. आता विचार करा. लक्ष्य जर माणसाच्या डोक्यावर टांगलेले असेल, तर ज्याचे डोके मुळातच उंचावर आहे त्याला भाव येणारच. ‘सेंटर’ हा माणूस त्या दहा फुटांतून जन्माला आला.

तथापि ही गोष्ट लोकांच्या ध्यानात यायला पन्नास वर्षे लागली. फार उंच मुलगा म्हणजे बेंगरूळ, हातापायांवर ताबा नसलेला, असाच समज होता. हा समज मोडला तो जॉर्ज मायकन याने. उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि चालणे अवघडलेले. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर या प्रशिक्षकाच्या हाती तो पडला आणि मेयरने त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचे हात करायला लावले, नाच शिकायलासुद्धा पाठविले. ज्याला सारे ओंडका समजत होते त्याचे पाय हलके झाले. पुढे मिनियापोलिस लेकर्स संघाला त्याने १९४९ ते १९५४ या काळात पाच अजिंक्यपदे मिळवून दिली.

येथून या कथेला एक मोठे गमतीचे वळण लागते. मायकनला मैदानावर अडविता येईना, तेव्हा त्याला नियमांनी अडवायचे ठरले. मायकन आणि त्याच्याच काळातील बॉब कर्लंड हे दोघे कड्याकडे उतरणारा चेंडू वरच्या वर हाताने उडवून देत. म्हणून १९४४ मध्ये महाविद्यालयीन खेळात त्यावर बंदी आली. कड्यापुढे एक आखीव पट्टा असतो आणि चढाई करणाऱ्याला तेथे तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. तो पट्टा सहा फूट रुंद होता, तो १९५१ मध्ये बारा फूट केला गेला. हेतू एवढाच, की मायकनला कड्यापासून दूर ढकलावे. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन संघाने तर चेंडू हातात धरून नुसता वेळ काढला आणि लेकर्सना १९ विरुद्ध १८ असे हरविले. लेकर्सच्या त्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते. असला रटाळ खेळ पाहायला पैसे कोण मोजणार? अखेर १९५४ मध्ये नियम आला, की चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांच्या आत तो कड्याकडे टाकलाच पाहिजे.

मायकननंतर दोन पुरुष असे आले की त्यांच्या द्वंद्वाची कथा आजही सांगितली जाते. एक बिल रसेल आणि दुसरा विल्ट चेंबरलेन. चेंबरलेन ७ फूट १ इंच उंच. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी एका सामन्यात त्याने एकट्याने १०० गुण केले. त्या साऱ्या हंगामात त्याची सरासरी सामन्याला ५०.४ गुणांची होती. त्याच्यामुळेच १९६४ मध्ये तो पट्टा आणखी वाढून सोळा फूट झाला. एवढा बलाढ्य गडी, परंतु मोकळी फेक करताना त्याचा हात कापे! त्या १९६२ च्या हंगामात त्याने दोन्ही हातांनी खालून चेंडू टाकण्याची पद्धत धरली आणि त्याचे नेम बरेच सुधारले. पण ती पद्धत बायकी दिसते असे वाटून त्याने ती सोडून दिली. आपण लोकांना हास्यास्पद दिसू या भीतीने माणूस लाभाची गोष्टही कशी टाकतो, याचा हा मासला आहे.

रसेलची सरासरी सामन्याला अवघी १५ गुणांची. परंतु बॉस्टन सेल्टिक्सकडून खेळलेल्या तेरा हंगामांत त्याने अकरा वेळा अजिंक्यपद मिळविले; त्यांपैकी अखेरची दोन तर स्वतःच प्रशिक्षक असताना. रसेलने बचाव ही कला केली. दुसरे उंच खेळाडू प्रतिस्पर्ध्याची फेक थोपवीत ती चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देण्यासाठी. टाळ्या पडत, पण चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळे. रसेल तो अलगद आपल्या साथीदाराकडे वळवी. म्हणजे एका हाताच्या हालचालीत शत्रूची चढाई संपली आणि आपली सुरू झाली.

आता तराजूकडे वळू. चेंबरलेनचे पन्नास गुण आणि रसेलचे सामन्याला बावीस-बावीस ‘रिबाउंड’, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर झेललेले चेंडू, हे आकडे ऐकून आजचे खेळाडू खुजे वाटू लागतात. परंतु त्या काळी खेळ अतिशय वेगाने चाले. १९६२ च्या सुमारास एक संघ एका सामन्यात शंभराहून अधिक फेका करी. अलीकडे त्या नव्वदीच्या आसपास असतात. शिवाय त्या फेकांपैकी निम्म्याहून अधिक हुकत. जेथे हुकणारे चेंडू जास्त, तेथे ते झेलणाऱ्याचा आकडाही मोठा. उलट थोपवलेल्या फेकांची नोंद १९७३ पर्यंत होतच नव्हती. म्हणजे रसेलचा जो सर्वांत मोठा गुण, त्याचा हिशेब वहीत नाही! एकीकडे तराजू फुगवून दाखवितो, दुसरीकडे लपवितो. अशा तराजूने दोन काळ तोलू नयेत हे उघड आहे.

पुढची गोष्ट करीम अब्दुल-जब्बार याची. तो महाविद्यालयात असताना, १९६७ मध्ये, वरून चेंडू कड्यात दडपून घालण्यावर बंदी आली. ती पुढे नऊ वर्षे टिकली. पण ज्याचा एक दरवाजा बंद केला त्याने दुसरा शोधला. अंग आडवे ठेवून, हात पूर्ण वर नेऊन, कमानीसारखा चेंडू सोडायचा त्याचा फटका इतका घोटला गेला की पुढे वीस वर्षे तो कोणालाही अडविता आला नाही. त्याने कारकिर्दीत ३८,३८७ गुण केले आणि तो विक्रम २०२३ पर्यंत अबाधित होता. त्याच्यानंतर नायजेरियातून आलेला हकीम ओलाजुवॉन झाला, ज्याचे पाय नर्तकाचे होते. आणि शकील ओनील झाला, ज्याच्या धडकेपुढे तिघेजण उभे केले तरी अपुरे पडत. ओनीलने २००० ते २००२ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली. तो मोकळ्या फेकी चुकवितो म्हणून प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याला धरीत. दहा फुटांवरच्या कड्याशी राज्य करणारा माणूस पंधरा फुटांवरून, कोणी अडवीत नसताना, लाचार होई.

ओनीलनंतर मात्र हे राज्य ओसरले. १९६० ते १९८० या एकवीस वर्षांत वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान एखाददुसरा अपवाद सोडला तर नेहमी सेंटरलाच मिळाला होता. २००० मध्ये तो ओनीलला मिळाला आणि मग पुढची वीस वर्षे एकाही सेंटरला मिळाला नाही. २०१२ मध्ये तर निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी जी मतपत्रिका असते, तिच्यावरून ‘सेंटर’ हा रकानाच काढून टाकण्यात आला. उंच माणसे का संपली होती? मुळीच नाही. संपला होता तो त्यांच्या जागेचा भाव.

याचे कारण अंकगणितात आहे. १९७९ मध्ये त्या व्यावसायिक स्पर्धेत एक रेषा आखली गेली. तिच्या बाहेरून, म्हणजे कड्यापासून सुमारे पावणेचोवीस फुटांवरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण. प्रथम लोकांनी तो पोरखेळ मानला. पण हिशेब करा. मधल्या अंतरावरून शंभर फेका केल्या आणि पंचेचाळीस लागल्या, तर गुण झाले नव्वद. रेषेबाहेरून शंभर केल्या आणि छत्तीसच लागल्या, तरी गुण झाले एकशे आठ. चुकूनही फायदा! हा हिशेब पुरता उमगायला तीस वर्षे गेली. पहिल्या हंगामात एक संघ सामन्याला तिनाच्या आसपास अशा फेका करी. २०२४-२५ च्या हंगामात त्या सदतीसच्या घरात गेल्या. सारे मैदान पसरले. जो उंच पहारेकरी कड्याखाली बसे त्याला रेषेपर्यंत धावावे लागू लागले, आणि तेथे चपळ, बुटके गडी त्याला फसवून पुढे निघू लागले.

ज्यांना टिकायचे होते ते नवी विद्या शिकले. ब्रूक लोपेझ या सात फुटी सेंटरने पहिल्या आठ हंगामांत मिळून फक्त तीन वेळा रेषेबाहेरून बास्केट केली होती. नवव्या हंगामात त्याने १३४ केल्या. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या गड्याने आपला धंदाच बदलावा, हे सोपे नव्हे.

आणि मग राजा परत आला, पण निराळ्या वेषात. निकोला योकिच हा सर्बियातील सोंबोर गावचा. २०१४ च्या निवडीत त्याचा क्रमांक एक्केचाळिसावा. अंगाने जाड, उडी बेताची. पण त्याला मैदानावरचे दहाही गडी एका नजरेत दिसतात आणि चेंडू साथीदाराच्या हाती अशा वेळी पोचतो की त्या साथीदारालाच नवल वाटावे. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो सर्वोत्तम ठरला, मधल्या वर्षी कॅमेरूनचा जोएल एम्बीड ठरला, आणि २०२३ चे अजिंक्यपद योकिचच्या डेनव्हर संघाला मिळाले. २०२४-२५ मध्ये गुण, रिबाउंड आणि साथीदारांना बास्केट करून देणारे पास, या तिन्हींत त्याची सरासरी दहाच्या वर गेली. हे कोणत्याही सेंटरला पूर्वी साधले नव्हते. फ्रान्सचा व्हिक्टर वेंबान्यामा तर सव्वासात फुटांहून उंच असूनही चेंडू आपटीत बुटक्यासारखा धावतो. २०२३-२४ या आपल्या पहिल्याच हंगामात फेका थोपविण्यात तो सर्वांच्या पुढे होता.

मग थोर कोण? माझे मत असे आहे. जुन्या थोरांनी नियमांना बदलावयास लावले. आजच्यांना नियमांनी बदलावयास लावले. पहिल्यात सामर्थ्य आहे, दुसऱ्यात बुद्धी आहे. पण ही वाटणीही फार ताणू नये. चेंबरलेनने १९६७-६८ मध्ये मनावर घेतले तेव्हा साऱ्या स्पर्धेत सर्वाधिक पास त्यानेच दिले. रसेल उंच उडीतही निष्णात होता. तो आजच्या पसरलेल्या मैदानावरही सुखाने पहारा करील यात मला शंका नाही. ही विद्या त्यांच्यातही होती. त्यांच्या काळाने ती त्यांच्याकडे मागितली नाही, एवढेच.

आता हा दूरदेशीचा वाद मी तुमच्यापुढे का मांडला, ते सांगतो. माझ्या शाळेत एक ताडमाड वाढलेला मित्र होता. आमच्या खेळाच्या शिक्षकांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले, “तू रिंगखाली उभा राहा, चेंडू आपटू नकोस, तुला जमायचे नाही.” तो तीन वर्षे रिंगखाली उभा राहिला. मग कंटाळून खेळ सोडून गेला. पंजाबातील बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग ७ फूट २ इंच उंच. २०१५ मध्ये अमेरिकेच्या त्या स्पर्धेसाठी निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. परंतु मुख्य स्पर्धेत एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याची कारणे अनेक असतील. पण नुसत्या उंचीची किंमत ज्या वेळी सर्वांत कमी झाली होती, नेमक्या त्या वेळी तो तेथे पोचला, हे खरे.

उंची ही देणगी आहे, खेळ ही कमाई आहे. मायकनला नाचायला पाठविणारा मेयर हे १९४० च्या दशकातच जाणत होता. तेव्हा तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत एखादा मुलगा किंवा मुलगी वयाच्या मानाने फार उंच वाढली असेल, तर तिला रिंगखाली उभी करून ठेवू नका. तिला चेंडू आपटू द्या, धावू द्या, चुकू द्या. तिच्या वेळेला खेळ तिच्याकडे काय मागेल, ते आज आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.