वक्फची जमीन: कोणते कोर्ट, किती मुदत?

मशिदीची किंवा कब्रस्तानची जमीन वादात सापडली की जमातीतली मंडळी एकमेकांना विचारतात, 'आपली बाजू खरी आहे ना?' वकील मात्र आधी तारीख विचारतो, आणि आम्हाला त्याचेच पटते. कायदा बदलला तरी बाजू तीच राहते, पण कोर्ट आणि मुदत बदलू शकते.

महाराष्ट्रात तर हे विशेष गुंतागुंतीचे. मराठवाड्यात १९५४ चा वक्फ कायदा चालत होता. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या मशिदी-दर्गाहांची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होती. १ जानेवारी १९९६ पासून १९९५ चा वक्फ कायदा आला आणि वक्फचे वाद दिवाणी कोर्टातून वक्फ न्यायाधिकरणाकडे गेले.

मग आधीपासून दिवाणी कोर्टात पडून असलेल्या दाव्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरदार खान यांच्या प्रकरणात सांगितले की १ जानेवारी १९९६ पूर्वी सुरू झालेले दावे आणि अपिले जुन्याच कोर्टात चालतील. त्यामागचे तत्त्व जुने आहे. १९५७ च्या गरिकापाटी निकालाप्रमाणे, दावा दाखल होतो त्याच दिवशी अपिलाचा हक्क पक्षकाराच्या पदरात पडतो. नवा कायदा तसे स्पष्ट म्हणत नसेल किंवा त्याचा तसा अर्थ अटळपणे निघत नसेल, तर तो हक्क जात नाही.

न्यायाधिकरणाच्या निकालावर १९९५ च्या कायद्यात अपीलच नव्हते. उच्च न्यायालय कागद मागवून निर्णय तपासू शके, एवढेच. ८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपील दिले आहे: निकालाची प्रत मिळाल्यापासून ९० दिवसांत, उच्च न्यायालयात. ही तरतूद आम्हाला चांगली वाटते.

पण त्याच दुरुस्तीतली दुसरी गोष्ट मुतवल्लींनी नीट वाचावी. पूर्वी वक्फच्या स्थावर मिळकतीचा ताबा परत मागण्याच्या दाव्याला मुदतीचा कायदा लागत नव्हता. कब्जा होऊन तीस वर्षे झाली तरी दावा करता येई, म्हणून 'बघू, पुढच्या मीटिंगमध्ये' चालून जात असे. आता १९६३ चा मुदत कायदा लागू झाला आहे आणि मालकीच्या आधारे ताबा मागण्याची सर्वसाधारण मुदत त्यात १२ वर्षांची आहे.

तेव्हा जमातीच्या कपाटात एक वही ठेवावी. दावा कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात घातला, अतिक्रमण पहिल्यांदा कधी दिसले, नोटीस कधी दिली आणि निकालाची नक्कल कोणत्या दिवशी हाती आली, एवढे तिच्यात लिहावे. नक्कल ज्या लिफाफ्यातून आली तो फेकू नये. त्यावरचा टपालाचा शिक्का वकिलाला लागतो. ८ एप्रिल २०२५ पूर्वीचा निकाल हाती असेल, तर ही वही घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जावे.