पासष्ट षटकांचा हिशेब

क्रिकेट हा फुरसतीचा खेळ, अशी समजूत फार दिवस रूढ होती. तीन-तीन, पाच-पाच दिवस खेळूनही सामना अनिर्णित राहावा आणि त्यात कोणाला काही वावगे वाटू नये, हे याच खेळात शक्य. मग ठरावीक षटकांत, एकाच दिवसात सामना निकाली काढण्याची कल्पना आली कोठून, आणि तिने खेळाचे नेमके केले काय? याचा उलगडा करावयाचा तर इंग्लंडमधील १९६३ सालचा हंगाम पाहावा लागतो. काउंटी संघांची मर्यादित षटकांची ‘जिलेट कप’ स्पर्धा त्या वर्षी प्रथम भरली.

या कल्पनेचा जन्म तिजोरीतील खडखडाटातून झाला. १९४७ साली काउंटी सामन्यांना वीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. १९६३ पर्यंत ती संख्या निम्म्याच्याही खाली गेली. १९६२ साली मध्य इंग्लंडमधील चार काउंट्यांनी एकदिवसीय सामन्यांचा लहानसा प्रयोग करून पाहिला. पुढच्याच वर्षी सर्व सतरा काउंट्यांची बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली आणि दाढीची पाती करणाऱ्या जिलेट कंपनीने तिला द्रव्यसाहाय्य दिले. हौशी आणि धंदेवाईक खेळाडू हा जुना भेदही १९६२ च्या अखेरीस रद्द झाला होता. म्हणजे घर जुने असले तरी दोन दारे एकदम उघडली होती.

आता नियम पाहू. प्रत्येक संघाला एकच डाव आणि त्याला पासष्ट षटकांची मर्यादा. कोणाही गोलंदाजाने पंधरा षटकांपेक्षा अधिक टाकावयाची नाहीत. दिसावयास हे नियम साधे आहेत. पण थोडा गुणाकार करून पाहावा. चार गोलंदाजांची मिळून साठ षटके होतात. उरलेल्या पाचांसाठी पाचवा गोलंदाज हवाच. दोन नामांकित गोलंदाजांच्या जोरावर दिवस काढण्याची सोय संपली. शिवाय नेहमीच्या सामन्यात दहा गडी बाद केल्यावाचून प्रतिपक्षाचा डाव संपत नाही. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या कर्णधाराने डाव घोषित केला तरच गोष्ट वेगळी. येथे मात्र षटके सरली की डाव आपोआप संपतो. साहजिकच गडी बाद करणे आणि धावा न देणे यांचे मोल जवळजवळ सारखे झाले.

पहिला सामना १ मे रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर लँकेशायर आणि लेस्टरशायर यांच्यात सुरू झाला. पावसाने असा खो घातला, की हा पहिलावहिला ‘एकदिवसीय’ सामना दुसऱ्या दिवशी संपला! लँकेशायरच्या पीटर मार्नरने १२१ धावा काढल्या आणि त्याच्या संघाने १०१ धावांनी विजय मिळविला. आता फटकेबाजीचे युग आले, असे कोणालाही वाटले असते. पण या नियमांचे मर्म ज्याने प्रथम ओळखले, तो होता ससेक्सचा कर्णधार टेड डेक्स्टर. तो स्वतः मोठा तडफदार फलंदाज; परंतु क्षेत्ररक्षणाला उभा राहिला की त्याचा हिशेब एखाद्या कसलेल्या पेढीवाल्याचा असे. तो खेळाडूंना सीमारेषेपाशी पांगवी, एकेरी धावा खुशाल देई आणि चौकार तेवढे अडवी. हा भित्रेपणा आहे, अशी कुरकुर झाली. वस्तुतः तो नव्या नियमांचा सरळ अर्थ होता.

७ सप्टेंबर रोजी लॉर्ड्सवर ससेक्सची वूस्टरशायरशी अंतिम गाठ पडली. ससेक्सचा डाव ६०.२ षटकांत १६८ धावांवर आटोपला. म्हणजे चार षटके आणि चार चेंडू वाया गेले. नव्या खेळात ही चैन महाग पडावयाची. परंतु वूस्टरशायरच्या फलंदाजांना डेक्स्टरने जखडून ठेवले. ॲलन ओकमनने तेरा षटकांत अवघ्या सतरा धावा दिल्या. यष्टिरक्षक रॉय बूथ ३३ धावांवर नाबाद राहिला, तरी वूस्टरशायरचा डाव ६३.२ षटकांत १५४ वर संपला. चौदा धावांनी चषक ससेक्सकडे गेला. सामन्यातील उत्तम खेळाडूचा मान मात्र पराभूत संघाच्या नॉर्मन गिफर्डला मिळाला. त्याने ३३ धावांत चार बळी घेतले होते, आणि तो होता फिरकी गोलंदाज. घाईच्या खेळात फिरकीला जागा नाही, ही शंका पहिल्याच हंगामात फोल ठरली.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्याकडे विभागीय संघांची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ च्या हंगामात सुरू झाली. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांचे नाव तिला दिले गेले. त्यानंतर लवकरच, १९७५ साली, त्याच लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या सामन्यात सुनील गावसकर साठ षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. कसोटीत शोभणारा संयम येथे कामाचा नव्हता. आठ वर्षांनी, १९८३ साली, तेथेच भारताचा डाव १८३ धावांत ५४.४ षटकांत संपला. तरीही वेस्ट इंडीजला १४० वर रोखून भारताने विश्वचषक जिंकला. थोडक्या धावांची राखण करून सामना जिंकता येतो, हे वीस वर्षांपूर्वी ससेक्सने त्याच हिरवळीवर दाखविले होते.

षटकांची मर्यादा घालून खेळाची खोली नाहीशी केली, हा आक्षेप आजही ऐकू येतो. आम्हांला तो अर्धाच खरा वाटतो. दिवसभर तग धरून पराभव टाळण्याची, हरणाऱ्या संघाचे धैर्य दाखविणारी विद्या या खेळात लोपली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मर्यादेमुळे विचार संपला, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. त्याची दिशा तेवढी बदलली. लोकांना चौकार दाखविण्यासाठी काढलेली स्पर्धा पहिल्या वर्षी चौकार अडविणाऱ्याने जिंकली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.