पाळणाघराचे पैसे कुणाच्या पगारातून?

मागच्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठच दिवस झाले होते, आणि घराजवळच्या शाळेतून निरोप आला, "मराठीच्या बाई लांबच्या रजेवर गेल्यात. साडेअकरा ते चार याल का?" तीन वर्षांनी पुन्हा हातात खडू येणार म्हणून मी अगदी हरखून गेले. पण चिनू जेमतेम दोन वर्षांचा, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. खुर्चीत बसून त्या नातवाला गोष्टी सांगतील, पण जिन्याकडे पळणाऱ्या पोराला धरणार कशा? तेव्हा पाळणाघर शोधायचे ठरले.

"आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं!" सासूबाई म्हणाल्या. मी हसून म्हटले, "होती की, आई. फक्त आपल्या घरात नव्हती." खरेच, मैत्रिणींनो, १९४८ च्या कारखाना कायद्यातच ठराविक संख्येपेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर हवे, असे कलम होते. बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत 'मोबाइल क्रेशेस'चे काम सुरू केले. पाळणाघर ही काही हौसेची गोष्ट नव्हे.

भिंतीवरचा कागद

पहिले पाळणाघर हमरस्त्यावर होते. बाहेर रंगीत पाटी, "शासनमान्य". आत भिंतीवर फ्रेम केलेला कागद. "आमच्याकडे लायसन आहे, तुम्ही काळजीच करू नका," तिथल्या बाई म्हणाल्या. मला मेलीला शिक्षिकेची खोड, समोर कागद दिसला की वाचायचा! वाचला, तर तो शॉप अ‍ॅक्टचा. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याप्रमाणे थोडीच माणसे कामाला असली, की आपल्या व्यवसायाची माहिती ऑनलाइन कळवायची आणि पावती घ्यायची. किराणा दुकानदाराकडेही हीच पावती असते. मुले कशी सांभाळली जातात याबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हते.

मग मी डोळे उघडून पाहिले. चौदा मुले आणि एकच मावशी. स्वयंपाकघराला दार नाही, गॅसची शेगडी मुलाच्या हाताला लागेल इतकी खाली. टीव्ही मोठ्याने चालू. दुपारी मध्येच येऊन पाहिले तर चालेल का, असे विचारल्यावर बाईंचा चेहरा उतरला. "मुलं रडतात हो, आम्ही पालकांना दारातूनच परत पाठवतो." फी होती तीन हजार. मी चपला घातल्या.

म्हणून सांगते, कागद जरूर मागा, पण तो कुठल्या खात्याचा, कशासाठी दिलेला आणि कुठल्या तारखेपर्यंतचा, हे वाचून घ्या. कागद पाहून झाला, की घर पाहा.

काय पाहावे?

मुले मोजा आणि सांभाळणाऱ्या बायका मोजा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस, असे प्रमाण सांगितले आहे. संडास-मोरीच्या कड्या, पाण्याच्या बादल्या, उघडे प्लग, जिना, सगळे नजरेखालून घाला. मावशींची पोलीस पडताळणी झाली आहे का, जवळचे डॉक्टर कोण, औषध कोण देते, आपल्याखेरीज दुसरे कोणी न्यायला आले तर काय करतात, हे विचारा. आणि एकदा न कळवता दुपारी दोन वाजता जा. खरे पाळणाघर त्या वेळी दिसते.

दुसरे पाळणाघर एका बैठ्या घरात होते. पाटी साधी. तिथल्या काकूंनी माझ्या आधी मलाच प्रश्न विचारले. चिनूला कशाची अ‍ॅलर्जी आहे, झोपताना काय लागते, न्यायला कोण येणार. ह्यांचा फोटो मागून घेतला. नऊ मुले, दोन मावशी. वहीत रोज लिहिलेले, किती जेवला, किती वेळ झोपला. फी मात्र साडेचार हजार, शिवाय महिन्याची अनामत.

रात्रीचा हिशेब

माझा पगार नऊ हजार. रात्री हे डायरी घेऊन बसले. "साडेचार गेले फीचे, हजारभर रिक्षाचे. उरले किती? मग घरीच राहिलेलं काय वाईट?"

क्षणभर मलाही तसेच वाटले. पण मग म्हटले, "अहो, चिनू काय माझ्या एकटीच्या पगारातला आहे? दुधाचं बिल, विजेचं बिल आपण कुणाच्या नावावर टाकतो? घराच्याच ना? मग ही फीसुद्धा घराचीच." हे काही बोलले नाहीत. सकाळी पाहते, तर डायरीत विजेच्या बिलाखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेले, 'पाळणाघर ४५००'.

नोकरी करणाऱ्या बहिणींनी आणखी एक चौकशी करावी. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यायला हवे. हे पन्नास म्हणजे फक्त बायका नव्हेत, पुरुषही मोजायचे. आमच्या शाळेत आम्ही सगळे मिळून बावीस, म्हणून मला उपयोग नाही, पण तुमच्या ऑफिसात असेल.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी एकदा धीर करून काकूंना विचारले, मावशींना पगार किती देता? त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि साडेचार हजार कुठे जातात ते मला उमगले. आपल्याला स्वस्तात पडते, तेव्हा ते बहुधा मावशीच्या पगारातून कापलेले असते. चिनूला भरवणाऱ्या मावशींना तीन वर्षांची लेक आहे. ती कुठे असते, विचारले, तर म्हणाल्या, "शेजारणीकडं ठेवते." केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत २०२२ पासून 'पाळणा' योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आणि अंगणवाडीला जोडून पाळणाघर हा तिचा भाग आहे. आपल्या वॉर्डात तसे आहे का, हे येत्या शनिवारी अंगणवाडीताईंना विचारायला आम्ही दोघी मिळून जाणार आहोत.