शोरूममध्ये चालतं, मग घाटात का चालत नाही? गाडीतला स्क्रीन आणि आपला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी गाडीतल्या टचस्क्रीनचा विषय काढला, पण वेळ कमी पडला. म्हणून सगळं सविस्तर इथे लिहितोय. विषय गाडीचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय तुमच्या मालाचाही आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सिन्नरच्या एमआयडीसीत एका शीट मेटलवाल्या क्लायंटकडे सकाळी १० ची मीटिंग होती. पुण्यातून पहाटे साडेपाचला निघालो. गाडी नवीन. भलामोठा स्क्रीन, आवाजावर चालणारी सिस्टीम, सगळं काही. घेताना मी स्वतःच घरच्यांना म्हटलं होतं, "आता फोनला हातसुद्धा लावायला नको."

संगमनेरच्या अलीकडे जोराचा पाऊस लागला. तेवढ्यात स्क्रीनवरून फोन सुटला. नकाशा गायब, आणि रात्री बंद केलेलं गाणं फुल आवाजात सुरू! आवाज कमी करायला गोल बटण नाही, स्क्रीनवर बोट सरकवायचं. गाडी हादरतेय, बोट भलतीकडेच जातंय. त्यात समोरच्या काचेवर वाफ धरली. ती घालवायचं चिन्ह कुठे? एसीच्या पानावर. एसीचं पान कुठे? गाण्याच्या पानाच्या मागे.

मान वर केली तर समोर दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल. मागचा दिवा बंद. करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा मध्ये हातभर अंतर राहिलं होतं. दूधवाल्या काकांनी मागे वळून बघितलं, माझ्याकडे बघितलं, झगमगणाऱ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "ओ साहेब, गाडीत टीव्ही बघता का काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

सेकंदाला एक खेळपट्टी

आता जरा हिशोब करू. ताशी ७२ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला २० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी साधारण तेवढीच लांब असते. म्हणजे तुम्ही ५ सेकंद स्क्रीनकडे बघितलं, तर ५ खेळपट्ट्या डोळे मिटून गाडी चालवली!

हे फक्त माझ्या बोटांचं दुखणं नाही. स्वीडनमधल्या 'वी बिलॅगारे' या मोटार मासिकाने २०२२ मध्ये एक साधी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवायची आणि एसी, रेडिओ वगैरेची ठरलेली चार कामं करायची. ड्रायव्हरना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. २००५ सालच्या, बटणं असलेल्या जुन्या व्होल्वोमध्ये ही कामं १० सेकंदांत झाली. गाडी तेवढ्यात ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या टचस्क्रीनवाल्या गाडीत तीच कामं करायला ४४.९ सेकंद लागले. अंतर १,३७२ मीटर. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर!

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही स्क्रीनला हात लावतच नाही, आम्ही बोलून सांगतो." मीही तेच म्हणायचो. पण अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनसाठी युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अभ्यास केला, त्यात काय दिसलं माहितीये? आवाजाने आज्ञा देऊन झाल्यावरही काही सिस्टीममध्ये ड्रायव्हरचं लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, पण डोकं अजून त्या बाईशी भांडतंय. पुढे २०१७ च्या अभ्यासात नेव्हिगेशनमध्ये पत्ता घालणं हे सगळ्यात जास्त लक्ष खाणारं काम ठरलं. सरासरी ४० सेकंद.

हे असं का होतं?

शोरूममधला डेमो आठवा. गाडी उभी. एसी थंडगार. सेल्समनचा फोन आधीच जोडलेला. त्याच्या फोनमध्ये 'मॉम' नावाचा एकच नंबर. तो म्हणतो, "कॉल मॉम." लागला फोन! आपण खूश.

आता आपला फोन बघा. त्यात 'सुनील टेम्पो', 'सुनील टेम्पो नवीन', 'सुनील टेम्पो भाऊ' अशी तीन माणसं. 'पाटील लेथवाले' मराठीत लिहिलेले, 'पाटील पावडर कोटिंग' इंग्रजीत. सिस्टीमची भाषा इंग्रजी. आपण म्हणतो, "सुनील टेम्पोला फोन लाव," ती म्हणते, "सॉरी." तिसऱ्यांदा आपण ओरडतो. ओरडल्यावर तर तिला अजूनच कळत नाही.

गावांच्या नावांचंही तेच. एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव मावळ आहे. आमच्या वर्कशॉपला येणाऱ्या एका फरसाणवाल्या ताईंचा नवा ड्रायव्हर नुसतं 'वडगाव' टाकून निघाला. माल द्यायचा होता मावळात, गडी पोहोचला सिंहगड रोडला. डिझेल गेलं, अर्धा दिवस गेला आणि दुकानदाराने त्या दिवशी दुसऱ्याचा माल घेतला. नकाशा चुकला नव्हता. त्याला जे सांगितलं तिथे त्याने नेलं.

उड्डाणपुलाचं कोडंही समजून घ्या. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये सिग्नल आपटून येतात, मग चूक वाढते. पुलावरचा रस्ता आणि पुलाखालचा सर्व्हिस रोड नकाशात एकमेकांना चिकटलेले. तुम्ही वर आहात की खाली हे त्याला नीट कळत नाही. मग तो पुलावर असताना सांगतो, "डावीकडे वळा." गूगलने २०२४ मध्ये भारतातल्या काही शहरांसाठी उड्डाणपुलाची आधी सूचना द्यायची सोय आणली ती यामुळेच.

गाडीतच बसवलेला नकाशा असेल तर अजून एक गंमत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधीचा नकाशा अपडेट केला नसेल, तर स्क्रीनवर तुमची गाडी शेतातून पळताना दिसेल!

स्पीकरवरचा फोन आणि फुटलेला भाव

हा किस्सा वर्कशॉपमधल्या एका फॅब्रिकेटरचा. तो मोठ्या पार्टीला साइट दाखवायला स्वतःच्या गाडीतून घेऊन चालला होता. पार्टी शेजारी बसलेली. वाटेत त्याच्या भावाचा फोन आला. ब्लूटूथ जोडलेलं, त्याने सवयीने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं आणि गाडीभर आवाज घुमला, "दादा, त्या पार्टीला नव्वदने लावू का? आपल्याला साठच पडतंय."

पुढचे चार किलोमीटर गाडीत कुणी बोललं नाही.

ऑर्डर मिळाली, पण सत्तरच्या भावाने. तो मला म्हणाला, "सर, हे ब्लूटूथ मला लाखाला पडलं." मी म्हटलं, "ब्लूटूथ नाही, तुझी सवय लाखाला पडली."

चाक हलण्याआधीची पाच मिनिटं

नवीन कामगार आला की आपण काय करतो? काम सुरू व्हायच्या आधी त्याला सगळं समजावतो. मशीन चालू असताना नाही. गाडीतली सिस्टीमही तशीच वापरायची. मी त्या दिवसापासून हे नियम पाळतो, आमच्या टीमलाही तेच सांगितलंय:

१. पत्ता गाडी उभी असताना टाकायचा. नाव टाइप करायचं नाही, समोरच्याकडून लोकेशन मागवायचं. आणि निघण्याआधी पूर्ण रस्ता एकदा नजरेखालून घालायचा. गाव, तालुका, मोठी वळणं.

२. लांब जायचं असेल तर त्या भागाचा नकाशा आधीच डाउनलोड करायचा. घाटात नेट गेलं म्हणजे जीपीएस गेलं असं नाही. उपग्रहाचा सिग्नल नेटशिवायही मिळतो. नेट लागतं ते नकाशा उघडायला आणि ट्रॅफिक बघायला.

३. फोन सारखा सुटत असेल तर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, डेटा नेत नाहीत. फोनच्या पोर्टमध्ये साचलेला कचराही काढा. गाडीत जुने चार-पाच फोन जोडलेले असतील तर ते काढून टाका.

४. रोज लागणारे पाचच नंबर वेगळ्या, सोप्या नावांनी ठेवा. 'सुनील टेम्पो नवीन' नको. एकाला 'सुनील', दुसऱ्याला 'चाकणवाला'.

५. वाफ घालवणं, वायपर, आवाज कमी करणं आणि धोक्याचे दिवे. ही चार कामं गाडी उभी असताना न बघता करता आली पाहिजेत. येत नसतील तर अंगणात उभं राहून सराव करा. लाज वाटायचं कारण नाही.

६. शेजारी पार्टी बसली असेल तर ब्लूटूथ बंद.

७. काही बिघडलं तर बिघडू द्या. गाणं वाजू दे, रस्ता चुकू दे. जागा बघून गाडी बाजूला घ्या, मग दुरुस्त करा. दहा मिनिटं उशिराने गेलेली ऑर्डर मी अजून पाहिली नाही.

कायद्याचंही लक्षात असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये बदल झाला. चालवताना हातातला फोन वापरायला परवानगी आहे ती फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि तीही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. मेसेज वाचायला नाही. हे तुमच्या ड्रायव्हरलाही सांगा.

आता मुद्द्याचं: तुमच्या मालाचा 'घाट' कुठला?

त्या दिवशी मी सिन्नरला दहा वीसला पोहोचलो. क्लायंटला दूधवाल्या काकांचं वाक्य सांगितलं. ते खूप हसले. मग एकदम गप्प झाले.

ते इलेक्ट्रिक पॅनलच्या पेट्या बनवतात. गेले सहा महिने त्यांच्याकडे एकच तक्रार येत होती, 'दाराची कडी नीट उघडत नाही.' त्यांनी प्रत्येक वेळी कडी तपासली. प्रत्येक वेळी ती उत्तम उघडली. कारण तपासली कुठे? वर्कशॉपमधल्या टेबलावर, कोरड्या हाताने, ट्यूबलाइटखाली.

त्यांनी फिटरला बोलावलं. "हातमोजे घाल. पेटी बाहेर पावसात नेऊन ठेव. आता उघड." फिटरला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. कडी बिघडलेली नव्हतीच. ती टेबलासाठी बनवली होती, खांबासाठी नाही.

मित्रांनो, गाडीतल्या स्क्रीनचंही दुखणं हेच आहे. शोरूममध्ये विकायला तो छान दिसतो. पण वापरला जातो तो पावसात, खड्ड्यात, घाईत. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे उशिरा कळतंय. युरोपमध्ये गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा कामांसाठी खरीखुरी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं. म्हणजे एवढ्या मोठ्या उद्योगाला बटणाकडे परत यायला लागतंय!

म्हणून आज एक काम करा. तुमचा माल हातात घ्या आणि तीन प्रश्न विचारा. गिऱ्हाईक हे नेमकं कुठे उभं राहून वापरतं? तेव्हा त्याचे हात कसे असतात, ओले, तेलकट की रिकामे? आणि तेव्हा त्याचं लक्ष कुठे असतं? मसाल्याचं पाकीट असू दे, नाहीतर पंपाचा स्टार्टर. पाकीट फोडणीच्या वेळी, एका हाताने उघडलं पाहिजे. स्टार्टर रात्री बारा वाजता, शेतात, बॅटरीच्या उजेडात कळला पाहिजे.

तक्रार करणारं गिऱ्हाईक चुकीचं नसतं. बहुतेक वेळा आपण टेबलावर उभे असतो आणि ते घाटात असतं.

तुमच्या मालाचा 'घाट' कुठला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि ही कमेंट गाडी उभी करूनच लिहा बरं का! नाहीतर कुणीतरी काका विचारतील, "टीव्ही बघता का काय?"

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात, गाडी सावकाश.