स्वतःचा ट्रक, स्वतःच चालक : हिशेब आणि जोखीम

भोपाळमधील आपली मराठी मंडळी बहुतांशी नोकरदार. भेल, सचिवालय, बँका, शाळा-महाविद्यालये यांत आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. आता सगळ्याच मुलांना नोकरी मिळत नाही, आणि मिळाली तरी सर्वांनाच ती करायची नसते. काही तरुण मालवाहतुकीकडे वळत आहेत. स्वतः ट्रक घ्यायचा आणि स्वतःच चालवायचा, असा त्यांचा विचार असतो. धंदा प्रतिष्ठेचा आहे, कष्टाचा आहे आणि त्यात वाईट काहीच नाही. मात्र अशा कर्जाच्या कागदांवर बऱ्याचदा निवृत्त वडिलांची जामीनदार म्हणून सही असते. म्हणून हिशेब आधी घरात बसून मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

बँकेत असताना आम्ही ट्रकच्या कर्जाचे अर्ज पाहत असू. अर्जासोबतच्या हिशेबात भाड्याची रक्कम, डिझेलचा खर्च आणि कर्जाची किस्त या तीन गोष्टी हमखास असत. राहून जायच्या त्या पुढच्या तीन : परतीचा रिकामा प्रवास, टायरची झीज आणि चालकाचा म्हणजे स्वतःचा पगार. धंदा तरतो की बुडतो, हे याच तीन गोष्टींवर ठरते.

एका फेरीचा हिशेब

उदाहरणासाठी भोपाळ-नागपूर मार्ग घेऊ. मंडीदीपहून माल भरला की ओबेदुल्लागंज, इटारसी, बरेठा घाट, बैतूल, मुलताई, पांढुर्णा, सावनेर असा रस्ता आहे. जाऊन-येऊन साधारण ७०० किलोमीटर होतात. ट्रक सहा चाकी, म्हणजे मालासह १८.५ टन वजनाची परवानगी असलेला. खालील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत; प्रत्येकाने आपल्या मार्गाचे आणि आजच्या भावाचे आकडे घालून पाहावेत.

जातानाचे भाडे २२,००० आणि परतीचे १४,०००, असे एकूण ३६,००० रुपये धरू. लिटरला ५ किलोमीटर या हिशेबाने १४० लिटर डिझेल लागेल. ९२ रुपये भावाने सुमारे १२,९०० रुपये. टोल ३,६००. दलाली, हमाली, काट्याचे पैसे, वाटेतले जेवणखाण मिळून ३,५००. एकूण खर्च २०,०००, हातात १६,०००.

आता परतीचा माल मिळालाच नाही असे समजा. रिकाम्या ट्रकला डिझेल थोडे कमी लागेल, ११,००० रुपये धरू. टोल तेवढाच, किरकोळ खर्च २,५००. भाडे फक्त २२,०००. हातात उरतात ४,९००. म्हणजे एका बाजूने रिकामे यावे लागले तर त्या फेरीची दोन तृतीयांशाहून जास्त कमाई जाते.

महिन्याचा हिशेब

जुना ट्रक १४ लाखांना घेतला. ४ लाख घरचे, १० लाख कर्ज, व्याज १४ टक्के, मुदत चार वर्षे. किस्त येते सुमारे २७,३०० रुपये. विम्याचे महिन्याला ५,००० धरू. यातील थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते. २०२२ च्या दरपत्रकात १२ ते २० टनांच्या ट्रकसाठी तो वर्षाला ३५,३१३ रुपये होता. परमिट, कर, फिटनेस यांचे ३,५००. क्लीनरचा पगार १०,०००. दुरुस्ती व ऑइल ९,०००. टायरसाठी १०,०००. टायर रोज बदलावे लागत नाहीत, म्हणून हा खर्च डोळ्यांआड होतो. पण सहा टायरांचा संच सव्वा लाखाच्या घरात जातो, आणि ते पैसे दरमहा बाजूला ठेवले नाहीत तर त्या दिवशी उसनवारी करावी लागते. एकूण मासिक बोजा ६४,८०० रुपये.

माल भरण्या-उतरवण्याची वाट पाहण्यात दिवस जातात, म्हणून महिन्याला आठच फेऱ्या धरू. पाच फेऱ्यांत परतीचा माल मिळाला आणि तीनमध्ये नाही, तर हातात ९४,७०० येतील. बोजा वजा जाता २९,९०० उरतील.

हा नफा वाटतो. पण पगारी ड्रायव्हर ठेवला असता तर त्याला २२,००० द्यावे लागले असते असे धरा. ते वजा करा. घरचे ४ लाख मुदत ठेवीत असते तर ७ टक्क्यांनी महिन्याला २,३०० रुपये व्याज आले असते, तेही वजा करा. सगळ्या जोखमीचा मोबदला म्हणून सुमारे ५,६०० रुपये उरतात. बाकीची रक्कम म्हणजे आपण स्वतःला दिलेला ड्रायव्हरचा पगार.

आता आठपैकी तीनच फेऱ्यांना परतीचा माल मिळाला, तर उरतात ७,७००. फक्त दोन फेऱ्यांचा फरक, पण घर चालवायला पुरेल एवढी रक्कम राहत नाही. आणि आजारपण, अपघात किंवा इंजिनच्या कामामुळे ट्रक महिनाभर उभा राहिला, तर किस्त, विमा, परमिट आणि क्लीनर मिळून ४५,८०० रुपये खिशातून जातात.

चार वर्षांनी कर्ज फिटल्यावर ट्रक आपला होतो, हे खरे. पण दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. आठ वर्षे जुना ट्रक घेतला तर कर्ज फिटते त्याच वेळी तो राज्याबाहेर जाण्याच्या कामाचा राहत नाही. खरेदीपूर्वी नोंदणीचे वर्ष जरूर पाहावे.

जोखीम कुठे कुठे आहे

पैसे अडकणे. भाड्याचा काही भाग माल भरताना मिळतो, उरलेला बॅलन्स पोच पावती दिल्यावर. डिझेल आणि टोल मात्र रोखीचे. दोन-तीन फेऱ्यांचा बॅलन्स अडकला तरी किस्त चुकते. नव्या पार्टीकडून अ‍ॅडव्हान्स जास्त घ्यावा, आणि माल उतरवायला उशीर झाल्यास हॉल्टिंग किती, ते बिल्टीवर आधीच लिहून घ्यावे.

हंगाम. करोंदच्या मंडीत गहू येतो तेव्हा उन्हाळ्यात आणि सोयाबीन येते तेव्हा दिवाळीच्या सुमारास ट्रकला मागणी असते. पावसाळ्यात काम मंदावते. किस्त मात्र बाराही महिने सारखीच.

ओव्हरलोड. दोन टन जास्त भरले तर भाडे वाढते, हा मोह मोठा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वरच्या उदाहरणातील चांगल्या फेरीची कमाई १६,००० होती. एकदा पकडले गेले की ती पूर्ण फेरी गेली आणि वर कर्ज झाले.

विमा. याबाबत गैरसमज फार आहेत. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो; मालक स्वतः चालवत असताना त्याला काही झाले तर त्यातून घरच्यांना भरपाई मिळत नाही. त्यासाठी ओनर-ड्रायव्हरचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसीत तो आहे ना, हे पाहावे. अपघाताच्या दिवशी लायसन्स वैध असणे आवश्यक. वाटेत बसवलेल्या सवारीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, ती मालकावर येऊ शकते. याशिवाय कर्जाच्या रकमेहून जास्त असा टर्म विमा चालकाच्या नावे असावाच.

जामीन. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मुलाची किस्त थकली तर वडिलांच्या ठेवीपर्यंत आणि घर गहाण असेल तर घरापर्यंत गोष्ट येते. ट्रक तारण आहे तेवढे पुरे, असे समजू नये. ओढून नेलेला ट्रक लिलावात कमी भावाला जातो आणि उरलेली बाकी वसूल व्हायची राहतेच.

कर आणि कागदपत्रे

दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्यांना आयकरात अनुमानित नफ्याची सोय आहे (१९६१ च्या कायद्याचे कलम ४४ एई). १२ टनांपेक्षा जड ट्रकला दर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. आपल्या १८.५ टनांच्या ट्रकला वर्षाचे २,२२,००० झाले. हे विवरणपत्र दरवर्षी भरावे. पुढच्या कर्जाच्या वेळी बँक तेच मागते. पॅनसह घोषणापत्र दिले तर भाड्यातून टीडीएसही कापला जात नाही. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरील बँकेचा बोजा उतरवून घ्यावा. हे काम अनेक जण वर्षानुवर्षे राहू देतात आणि ट्रक विकताना अडतात.

मग ट्रक घ्यावा का?

घ्यावा, पण काही गोष्टी आधी कराव्यात. किमान सहा महिने दुसऱ्याच्या ट्रकवर त्याच मार्गावर काम करावे. कोकता ट्रान्सपोर्ट नगरात किंवा मंडीदीपला आणि समोरच्या गावातही, दोन्हीकडे माल देणारी माणसे जोडावीत. ट्रक पाहण्याआधी परतीचा माल पाहावा. तीन महिने ट्रक उभा राहिला तरी चालेल इतके, आपल्या उदाहरणात दीड लाख रुपये, वेगळ्या खात्यात असल्याशिवाय कर्जावर सही करू नये. दर फेरीचा हिशेब वहीत लिहावा आणि त्यात स्वतःचा पगार खर्च म्हणून धरावा. तो पगार, टायरचे पैसे आणि किस्त देऊन वर्षभर काही शिल्लक राहिली, तरच दुसऱ्या ट्रकचा विचार करावा.

आणि पालकांना विनंती : मुलगा हा हिशेब घेऊन आला तर नोकरी का बघत नाहीस, असे म्हणून उठू नका. त्याच्यासोबत वही घेऊन बसा, परतीच्या मालाचे विचारा, आणि मगच जामीनपत्रावर सही करायची की नाही ते ठरवा.