‘ट्विंकल’च्या आधीची मीनाक्षी

पेटीवर पांढरी एक ‘सा’ धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वाजवा: सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. घरातलं चार वर्षांचं पोरही ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणू लागेल. याच चालीवर मीनाक्षी देवीचं संस्कृत स्तवन आहे, आणि ते रचलंय मुत्तुस्वामी दीक्षितरांनी! होय, कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक, ज्यांच्या कृती पेलताना भल्याभल्यांची दमछाक होते, तेच.

खरी गंमत पुढेच आहे. मूळ चाल अठराव्या शतकातली, फ्रेंच. इंग्रजी बालगीत या चालीसह छापलेलं सापडतं ते १८३८ सालचं. दीक्षितर तर १८३५ मध्येच वारले होते! छापील पुरावा मानायचा, तर या चालीवर आधी मीनाक्षी आली, चांदणी मागाहून.

दीक्षितर कुटुंब काही काळ मद्रासजवळच्या मणलीत राहत होतं. तिथल्या आश्रयदात्यामुळे फोर्ट सेंट जॉर्जमधला इंग्रजी बँड मुत्तुस्वामी आणि त्यांच्या भावांच्या कानांवर पडला. धाकटे बालुस्वामी व्हायोलिन शिकले; आज त्या वाद्याविना कर्नाटक मैफल सुनी वाटते. मुत्तुस्वामींनी बँडच्या धुनांवर पदं बांधली. अशी चाळीसेक ‘नोट्टुस्वरं’ आज उपलब्ध आहेत. त्यांतलं एक थेट ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर. राजाच्या रक्षणाची चाल उचलून दीक्षितरांनी देवीला विनवलं, की मलाच सदैव सांभाळ! (तिकडे तंजावरात आपले सरफोजी राजेही पाश्चात्त्य वाद्यवृंद बाळगून होते, आणि दीक्षितरांचे शिष्य असलेले चार भाऊ त्यांच्याच दरबारात होते.)

दक्षिणेत ही नोट्टुस्वरं आजही लहान मुलांना शिकवतात. त्यांचे स्वर शंकराभरणाचे, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे, सगळे शुद्ध. युरोपीय मेजर सप्तकही तेच. फरक आहे तो चलनात. नोट्टुस्वरात गमक नाही. जिन्याच्या पायऱ्यांसारखे स्वर सुटे, स्थिर. त्यामुळे कोवळ्या गळ्यालाही ते जमतात. पुढे तेच मूल शंकराभरणातली खरीखुरी कृती शिकतं, तेव्हा ओळखीचे स्वर हलायला लागतात, एकातून दुसऱ्यात ओघळतात. स्वर तेच, पण बँडची धून वेगळी आणि राग वेगळा, हे त्याला गळ्यातूनच कळतं. गुरुजींना व्याख्यान द्यावं लागत नाही.

स्नेहसंमेलनात यमनच्या तानेखाली ड्रम वाजवला की आपण त्याला फ्यूजन म्हणतो. मला ती नुसती शेजारशेजारची गर्दी वाटते. दीक्षितरांनी आधी दोन संगीतांमधली सामाईक जागा हेरली आणि तिथेच शब्द बसवले.

आपल्याकडच्या गायनवर्गांनीही बिलावल शिकवताना एखादं नोट्टुस्वर मुलांना जरूर द्यावं. दोन दिवसांत बसेल. शिवाय परीक्षेत ते कुणी विचारणार नाही, हा वरचा फायदा.