कर्ज सोडून द्या म्हणताना: बँक काय सोडते, काय सोडत नाही

बंगळूरच्या बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या भाड्याच्या घरात एका पगारावर क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि मोबाइल अ‍ॅपवरचं कर्ज अशी तीन-चार देणी चालू असतात. पगार थांबला की पहिल्या महिन्यात उसनवारी होते, दुसऱ्या महिन्यात दागिने गहाण पडतात आणि तिसऱ्या महिन्यापासून फोन उचलणं बंद होतं. नेमकं याच वेळी सल्ल्यांचा पाऊस पडतो. नोकरीसाठी बंगळूरला आलेल्या मराठी माणसाला इथलं कोर्ट, इथली भाषा आणि इथले कायदे नवे असतात, त्यामुळे ऐकीव गोष्टींवर त्याचा विश्वास लवकर बसतो. त्यातल्या काही गोष्टी घर बुडवणाऱ्या आहेत.

“बँकेने राइट-ऑफ केलं, म्हणजे कर्ज संपलं.”

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. पुढे कधीतरी बँक ते आपल्या ताळेबंदातून काढते, त्याला राइट-ऑफ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये काढलेल्या चौकटीत हे स्वच्छ लिहिलं आहे: अशा तांत्रिक राइट-ऑफने कर्जदारावरचा दावा सुटत नाही, वसुली चालूच राहते. दावा सुटतो तो तडजोडीने, म्हणजे सगळे ज्याला सेटलमेंट म्हणतात त्याने. त्यात बँक ठरलेली रक्कम रोखीने घेते आणि उरलेल्या रकमेवरचा हक्क पूर्ण किंवा अंशतः सोडते. म्हणून बँकेतून कोणी “तुमचं खातं राइट-ऑफ झालंय” असं सांगितलं, तर सुटकेचा निःश्वास टाकू नये. तडजोडीचं पत्र आहे का, एवढंच विचारावं.

“अडचण खरी असेल तर बँकेला सूट द्यावीच लागते.”

नाही. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही. प्रत्येक बँकेला संचालक मंडळाने मंजूर केलेलं तडजोडीचं धोरण ठेवावं लागतं, पण तुमचा प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे बँकच ठरवते. बंगळूरचंच मोठं उदाहरण किंगफिशर एअरलाइन्सचं. वैयक्तिक हमी दिलेल्या विजय मल्ल्यांच्या बाजूने मार्च 2016 मध्ये सुप्रीम कोर्टात 4,000 कोटी रुपये भरण्याचा प्रस्ताव आला, बँकांनी तो नाकारला. जानेवारी 2017 मध्ये बंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने 6,203 कोटी रुपये आणि त्यावरचं व्याज वसूल करायला परवानगी दिली, आणि जुलै 2021 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने मल्ल्यांना दिवाळखोर घोषित केलं. तुमचं-आमचं कर्ज त्याच्यापुढे कणभर असलं, तरी धनकोचा विचार तोच असतो: आज हातात येणारी रक्कम आणि खटला लढून पुढे मिळू शकणारी रक्कम, यांतली कोणती मोठी?

म्हणून विनंतीच्या अर्जात दुःखापेक्षा हिशेब जास्त हवा. नोकरी गेल्याचं पत्र किंवा हॉस्पिटलची बिलं, सहा महिन्यांचं खातेपत्रक, घरभाडं-शाळा-औषधांचा महिन्याचा खर्च, आणि सगळ्या देण्यांची एकच यादी जोडावी. त्याखाली आपण किती भरू शकतो, कोणत्या तारखेला आणि ते पैसे कुठून येणार, हे लिहावं. भावाने किंवा सासऱ्यांनी द्यायचं कबूल केलं असेल तर तेही सांगावं, कारण बाहेरून येणारी खात्रीची रक्कम बँकेला पटते. एका बँकेचं मिटवायला दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज काढणं मात्र टाळाच. नोकरी लवकर परत मिळण्यासारखी असेल, तर माफी मागण्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. नाव कमी खराब होतं.

बँक “हो” म्हणाली तरी तोंडी आश्वासनावर एक रुपयाही भरू नये. लेटरहेडवरच्या पत्रात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, उरलेला दावा सोडल्याचं वाक्य, जामीनदाराची सुटका, कोर्टात केस असेल तर ती मिटवण्याची अट आणि दिलेले चेक परत करण्याची हमी एवढं असलंच पाहिजे. पैसे कर्जखात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर नको. आणि तारीख चुकवू नका. बहुतेक पत्रांत अट असते की तारीख हुकली तर सवलत रद्द आणि मूळ थकबाकी पुन्हा उभी राहते.

जामीनदाराचा मुद्दा घाईत विसरला जातो. करार कायद्यानुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपलं मिटलं म्हणून स्वस्थ बसावं आणि बँकेने मित्राच्या दारात जावं, असं होऊ द्यायचं नसेल तर त्याचं नाव पत्रात आलंच पाहिजे.

सेटलमेंट झाल्यावर क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होते. ती ‘क्लोज्ड’सारखी नसते आणि अनेक वर्षं दिसत राहते. तडजोड केलेल्या बँकेने शेतीकर्ज सोडून दुसरं नवं कर्ज द्यायला किमान 12 महिने थांबायचं, असं रिझर्व्ह बँकेची चौकट सांगते.

“पोलीस येतील, मंगळसूत्रही उचलतील.”

फोनवर अशा धमक्या ऐकून लोक जीव द्यायला निघतात, म्हणून हे नीट वाचा. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. 1980 मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ऐपत असून मुद्दाम न फेडणाऱ्यालाच दिवाणी कैद होऊ शकते, निव्वळ गरिबीसाठी नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटकच करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 खाली घरातली भांडी, अंथरुणं, कारागिराची अवजारं आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांशही सुरक्षित असतात. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तारण ठेवलेलं घर किंवा गाडी मात्र या संरक्षणात येत नाही. चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तर त्याचा फौजदारी खटला होऊ शकतो. त्या समन्सकडे कधीही दुर्लक्ष करू नका.

कर्ज देणारा नोंदणीकृत नसेल, तर कर्नाटकाचा 2025 चा कायदा कामी येतो. आधी फेब्रुवारीत अध्यादेश निघाला, मग विधिमंडळाने तो मंजूर केला. जाच करून वसुली करणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे, आणि दुर्बळ घटकांना बिननोंदणी संस्थेने दिलेलं कर्ज फिटलं असं धरण्याची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि वित्त कंपन्यांना तो लागू नाही.

“नाहीतर सरळ दिवाळखोरी जाहीर करू.”

लोकांच्या डोक्यात 2016 चा दिवाळखोरी कायदा असतो. त्यात गरिबांसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ आहे: वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000 आणि देणी 35,000 रुपयांच्या आत असतील, शिवाय स्वतःचं घर नसेल, तर कर्जमुक्ती. पण कायद्याचा हा भाग सामान्य व्यक्तींसाठी लागूच झालेला नाही. डिसेंबर 2019 पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. बाकीच्यांसाठी जुने कायदेच चालतात: मुंबईत 1909 चा, बंगळूरसारख्या ठिकाणी 1920 चा. बंगळूरचा अर्ज सिटी सिव्हिल कोर्टात होतो आणि त्यासाठी देणी किमान 500 रुपयांची असावी लागतात. मग मालमत्ता कोर्टाच्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि सरकारी देणी किंवा फसवणुकीने घेतलेलं कर्ज सुटतच नाही. याच कायद्यात सगळ्या धनकोंशी एकत्र तडजोडीची सोय आहे: देणी सिद्ध केलेल्या धनकोंपैकी संख्येने निम्म्याहून अधिक आणि रकमेने तीन-चतुर्थांश धनकोंनी मान्य केलं आणि कोर्टाने मंजूर केलं, की ती सगळ्यांवर बंधनकारक. बँकेकडे आधीच जाणाऱ्याला हा लांब रस्ता सहसा चालावा लागत नाही.

मधला मार्ग लोकअदालतीचा आहे. तिथल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसतं. खटला दाखल होण्याआधीचं प्रकरणही तिथे नेता येतं. कर्नाटक राज्य विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बंगळूरच्या न्यायदेगुला इमारतीत आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना मोफत वकील मिळतो. “हप्ते भरणं बंद करा, बाकी आमच्यावर सोडा” म्हणत आधीच फी मागणाऱ्या सेटलमेंट एजंटाकडे जाण्याआधी तिथे एकदा जाऊन यावं. सोबत बँकांचं आलेलं प्रत्येक पत्र, वरची देण्यांची यादी आणि वसुलीवाल्यांच्या फोनची तारीख-वेळेसकट नोंद न्यावी.